फोल्डरमधला काटा

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतं, "ते काट्याचं सांग ना!" ते सांगता सांगता दुसरा आठवतो, आणि मग हंगामात उसाच्या गाड्यांची लागते तशी रांगच लागते. काटा म्हणजे वजनकाटा. उसानं भरलेली गाडी आधी त्यावर चढते, वजन होतं, मगच आत जाते. काटा बंद तर सगळं बंद!

त्या काट्याचा कॉम्प्युटर पार खिळखिळा झाला होता आणि त्यातला प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर काही केल्या चालेना. माझी सहकारी रूपाली नगरच्या कॉलेजातून शिकून आलेली. तिनं त्या अख्ख्या मशीनचं व्हर्च्युअल मशीन केलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर. हात लावायला काही नाही, नुसत्या फाईली.

काट्यावर आबा बसतात. नेवाशाकडचे, कारखान्यातच केस पिकलेले. रूपाली त्यांना म्हणाली, "आबा, तुमचा जुना कॉम्प्युटर आता ह्या नव्याच्या आत आहे."

आबांनी मोबाईलची बॅटरी लावली, खाली वाकले आणि कॅबिनेटच्या जाळीतून बराच वेळ आत बघत राहिले.

"दिसत न्हाई," म्हणाले. "लई बारीक केला का गं पोरी?"

*

आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट भोसे साहेब. त्यांना प्रत्येक गोष्टीचा बॅकअप लागतो. चष्मासुद्धा दोन!

रूपालीनं त्यांना फोल्डर उघडून दाखवलं. "ही मोठी फाईल म्हणजे मशीनची डिस्क. सगळा प्रोग्राम, सगळा डेटा हिच्यात. ही छोटी म्हणजे सेटिंग. मेमरी किती द्यायची, डिस्क कुठली जोडायची, एवढंच लिहिलंय."

साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी संचालकांच्या मीटिंगला गेले आणि खिशातून पेनड्राईव्ह काढून सगळ्यांसमोर उंच धरला. "अख्खा काटा खिशात आहे माझ्या! आणि कॉपी व्हायला डोळ्याची पापणी लवायलासुद्धा वेळ लागला नाही!"

टाळ्या पडल्या. रूपालीला मात्र त्या पापणीचीच शंका आली. तिनं पेनड्राईव्ह लावून बघितला. आत फक्त ती छोटी फाईल.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बंगल्याचा पत्ता आणलाय. बंगला तिथंच राहिला!"

*

एका भर दुपारी लाईट गेली. यूपीएसनंही मान टाकली. लाईट आली तरी व्हर्च्युअल मशीन काही उठेना. 'हे मशीन आधीच वापरात आहे,' एवढंच म्हणत होतं.

बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग पार हायवेपर्यंत गेलेली. बैल उन्हात उभे, ऊस वाळतोय, वजन घटतंय, हॉर्नवर हॉर्न. पहाटेपासून तोडणी करून आलेली माणसं खिडकीशी गर्दी करून. "आबा, काय झालं वं?" आबांना घाम फुटलेला.

आम्ही ऑफिसातून काट्याकडे पळत निघालो. पळता पळताच रूपालीनं फोन लावला. "आबा, काही बिघडलं नाही! मशीन चालू असताना ते स्वतःला कुलूप लावून घेतं. लाईट गेली तरी कुलूप तसंच राहिलंय. तेवढं काढलं की झालं!"

"कुलूप व्हय? मग आधी सांगायचं न्हाई का!" फोन बंद.

आम्ही पोचलो तर आबा हातात पान्हा घेऊन उभे. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाचं कुलूप खाली दोन तुकडे होऊन पडलेलं.

"तोडलं बगा! करा आता चालू!"

रूपालीनं गुपचूप कुलपाची फाईल पुसली. मशीन सुरू झालं, पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला, बाहेर शिट्ट्या वाजल्या. आबा पान्हा खाली ठेवायलाच तयार नव्हते! त्या दिवसापासून सगळ्या यार्डात एकच बातमी, आबांनी काटा सोडवला.

कपाटात भोसे साहेबांचा आदल्या हंगामात हरवलेला जेवणाचा डबा सापडला. तो उघडायची हिंमत मात्र आबांनीही केली नाही.

*

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. गेल्या वर्षी आबा हार घेऊन उभे. "बाहेरच्याला घातला. आतल्याला कुटं घालू?"

रूपालीनं झेंडूच्या हाराचा फोटो आतल्या मशीनच्या स्क्रीनवर लावला, आणि हातासरशी एक स्नॅपशॉटही घेऊन ठेवला. स्नॅपशॉट म्हणजे मशीन त्या घडीला जसं आहे तसं धरून ठेवणं. पुढं काही बिघडलं तर तिथं परत जाता येतं.

दिवाळीनंतर, हंगामाच्या तयारीत, आबांनी हाराच्या जागी नातीचा फोटो लावला. नव्या प्रिंटरच्या नादात मशीनही बिघडवलं. रूपाली स्नॅपशॉटवर मागे गेली. स्क्रीनवर पुन्हा झेंडूचा हार, टवटवीत!

आबा स्क्रीनकडे बघतच राहिले. मग बायकोला फोन लावला. "दाराचं तोरन वाळलं का आपल्या? हितलं बग, अजून ताजं हाय!"

*

आणि हा यंदाच्या पहिल्या दिवसाचा.

गेल्या हंगामाची शेवटची गाडी झाली, तेव्हा आबांनी मशीन बंद करायच्या ऐवजी 'सस्पेंड' केलं होतं. सस्पेंड केलं की मशीन त्या क्षणी मेमरीत जे असेल ते एका फाईलीत लिहितं आणि झोपतं. ते झोपलं ते सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा. कुणाच्या लक्षातही नाही.

यंदा गाळपाच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, नारळ फुटले, पाहुण्यांनी पेढे खाल्ले. सगळे काट्याशी येऊन उभे राहिले. रूपालीनं मशीन उठवलं.

स्क्रीनवर गेल्या हंगामातली तीच शेवटची पावती. गाडी काट्यावर, वजन झालेलं, पावती बंद करायची बाकी, ड्रायव्हर विष्णू, गाव खर्डा.

आबांनी चष्मा वर केला. "आरं, हा गडी आजून काट्यावरच उभा हाय व्हय!"

आम्ही हसायच्या आत त्यांनी यार्डाचा माईक ओढला आणि भोंग्यावर ओरडले, "ए विष्णू! लई दिस झाले! गाडी खाली घे!"

बाहेरच्या रांगेतून, लांबून, आवाज आला, "घेतो आबा, घेतो!"