टाकीचं झाकण

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी थेंब्याच्या वजनकाट्यावर चारशे बारा ग्रॅम रुपेरी रंग होता, आणि त्यात निळ्याचे दोन थेंब जास्त पडले होते. एरवी त्याने स्वतःला एक शिवी हासडली असती. आज त्याने डबा बाजूला सारला, नवा घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ठोकरलेल्या, घासलेल्या गाड्यांना रंग देणाऱ्या या वर्कशॉपमध्ये तो एकतीस वर्षं रंग जुळवतो. प्रत्येक गाडीच्या रंगाचा नंबर कंपनीच्या पुस्तकात असतो, पण तो कोऱ्या गाडीचा. आठ उन्हाळे खाल्लेल्या गाडीचा रंग कुठल्याच पुस्तकात नसतो, तो डोळ्यांनी पकडावा लागतो. त्यासाठी अख्खी गाडी त्याच्या खोलीत आणता येत नाही, म्हणून इंधनाच्या टाकीचं झाकण खोलून आणतात. तळहाताएवढं झाकण. थेंब्या ते खिडकीशी धरतो, तीन बाजूंनी तिरकं करून बघतो आणि थेंबाथेंबाने रंग चढवत नेतो. जुळला की पत्र्याच्या छोट्या कार्डावर नमुना मारतो, मागे तारीख आणि कामाचा नंबर लिहितो आणि कार्ड खणात टाकतो. त्याने जुळवलेला दरवाजा कुठला आणि मूळचा कुठला, हे गाडीच्या मालकालाही सांगता येत नाही.

त्याची स्वतःची गाडी गडद हिरवी आहे. दोनच सीटं, लांब नाक, जमिनीला टेकेल इतकी खाली. अकरा वर्षांपूर्वी त्याने ती जुनीच घेतली, आणि तेव्हापासून तो कामावर मात्र बसने येतो. वर्कशॉपच्या हवेत रंगाची धूळ असते, ती बसू नये म्हणून गाडी घरी. रविवारी तो ती बाहेर काढायचा, बायकोला शेजारी बसवायचा आणि तळ्यापर्यंत जाऊन परत यायचा. किल्ली खुंटीवर असायची. तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही, असं तो सांगायचा, आणि खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटायचं.

पाच महिन्यांपूर्वी बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलण्यातले बरेचसे शब्द गेले. दवाखान्यातून सुटल्यावर थेंब्याने तिला हिरव्या गाडीतून घरी आणलं. बसवलं कसंबसं, पण उतरवताना चाळीस मिनिटं लागली. शेवटी समोरचा शिंपी आणि त्याचा भाऊ धावून आले, तेव्हा ती बाहेर निघाली. त्यानंतर मंगळवारी आणि गुरुवारी व्यायामोपचाराला भाड्याची गाडी. भाड्याच्या गाडीवाल्याला चाकाची खुर्ची दिसली की त्याला अचानक दुसरं भाडं आठवतं. आतापर्यंत सात वेळा तिचे उपचार बुडाले. उपचार करणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, जे काय परत यायचं ते पुढच्या दोन-तीन महिन्यांत येईल, नंतर फारसं नाही.

जुनी देऊन उंच सीटची, डब्यासारखी गाडी घ्यायची, हे लहान मुलालाही कळलं असतं. थेंब्यालाही कळत होतं. तरी त्याने पाच महिने काढले. दुःख होत होतं म्हणावं, तर तेही नाही. सगळं कापसातून आल्यासारखं ऐकू यायचं. मुलगी परगावाहून फोनवर चिडायची, तो हो म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर कशाला हो म्हटलं ते आठवायचं नाही. शेवटी तिनेच शोरूमशी बोलून आजचा दिवस ठरवला. नवी गाडी तयार उभी होती. जुनीची किंमत करून याने सही केली की उद्या अदलाबदल. म्हणून आज अकरा वर्षांत पहिल्यांदा हिरवी गाडी वर्कशॉपच्या फाटकात उभी होती. निदान त्याच्या हिशेबाने पहिल्यांदा.

गाडी जोखायला शोरूमचा माणूस अकरा वाजता आला. पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर. बॉनेट, छत, उजवा दरवाजा, सगळीकडे तो ते टेकवत गेला. डाव्या दरवाजाशी थांबला. पुन्हा टेकवलं.

“काका, हा दरवाजा पुन्हा रंगवलाय.”

थेंब्याने शांतपणे सांगितलं की नाही. एकतीस वर्षं मी हेच करतो, माझ्या गाडीचा रंगवलेला दरवाजा मला दिसणार नाही का. त्या माणसाने वाद घातला नाही. मीटर त्याच्यासमोर धरलं. इतर सगळीकडे एकशे दहाच्या आसपास आकडा, या दरवाजावर दोनशे साठ.

“काम एक नंबर झालंय, काका. पण मीटरला काय, कौतुक करता येत नाही.”

तो किंमत लिहून कागद ठेवून गेला, संध्याकाळी सातपर्यंत कळवा म्हणाला. थेंब्या दरवाजासमोर उभा राहिला. डोळे बारीक केले, खाली बसला, तिरकं पाहिलं. काही दिसलं नाही.

रंगाचा फवारा मारणाऱ्याला सगळे पिस्तूल म्हणतात. थेंब्याचा वीस वर्षांचा दोस्त. तो जेवणाचा डबा उघडून बसला होता. थेंब्याने दरवाजाचं विचारलं तेव्हा त्याने घास खाली ठेवला.

मग त्याने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी सकाळी नऊला वहिनी गाडी घेऊन फाटकात हजर. बाजारात खांबाला दरवाजा घासला होता. म्हणाल्या, पाचच्या आत करून द्या आणि ह्यांना कळू देऊ नका. चौदा माणसांनी तोंडं शिवली. गाडी रंगाच्या खोलीत उभी होती, थेंब्याच्या खुर्चीपासून तीस पावलांवर. त्याची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते, आणि झाकण हातात आलं की तो जेवायलाही उठत नाही.

“आणि रंग?” थेंब्याने विचारलं.

“रंग तूच केलास की. झाकण मीच आणून दिलं तुला.” पिस्तूल आता हसू दाबत होता. “वर मला सुनावलंस. म्हणालास, कुणा गाढवाची आहे ही, माझ्याच गाडीचा रंग, पण उन्हात वाळत घातलीय. असल्यांना गाडी देऊच नये, असं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. दुपारभर आम्ही तुझ्यासमोर यायचं टाळत होतो.”

थेंब्याने खण उघडला. कार्ड सापडायला पंधरा मिनिटं लागली. गडद हिरवं, किंचित विटलेलं. मागे त्याच्याच अक्षरात तारीख. राग येईल म्हणून तो थोडा थांबला. आला नाही. मग कार्ड खिशात घातलं आणि उरलेला रुपेरी रंग पूर्ण केला.

साडेपाचला तो गाडी घेऊन घरी गेला. बायको खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती. दिवसभर तिच्याजवळ असणारी तिची बहीण चपला घालून निघण्याच्या तयारीत होती. ती गेल्यावर थेंब्याने कार्ड बायकोच्या डाव्या हातात दिलं. तिने ते उलटून तारीख वाचली. तोंडाची डावी बाजू हलली. हसू होतं ते.

किती वर्षं चालवत होतीस, असं त्याने विचारलं. तिने चार बोटं दाखवली. कुठे जायचीस, तर हात खिडकीबाहेर लांबवर नेला. तळ्याच्याही पुढे.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गाडीचं काय करायचं हे पाच महिन्यांत मुलीने ठरवलं होतं, शिंप्याने सुचवलं होतं, शोरूमवाल्याने लिहून दिलं होतं; हिला कोणी विचारलंच नव्हतं. त्यानेही नाही. आपली गाडी आपण हिच्यासाठी सोडायची, असंच तो धरून चालला होता.

“तू सांग,” तो म्हणाला. “ठेवू की देऊ?”

ती शब्द शोधत राहिली. तो घाई न करता समोर बसला, उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं तसा.

“चालवायला,” ती म्हणाली. बऱ्याच वेळाने, “छान.”

तो थांबला.

“बसायला भिकार.”

झटक्यानंतर दोन शब्द एका दमात ती पहिल्यांदाच बोलली होती. अकरा वर्षं दर रविवारी ती शेजारी बसली होती. थेंब्याने मान हलवली. आता तिला चालवता येणार नव्हतं, आणि बसायला भिकार होती. एवढ्यावर विचार करण्यासारखं काही उरलं नाही.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी त्याने शोरूमच्या माणसाला फोन करून हो सांगितलं. दरवाजा रंगवलेला होता, तुमचं बरोबर, असंही सांगितलं. मग कागदावर सही केली, खाली गेला, गाडीतली छत्री आणि पुसायचं फडकं काढून घेतलं. काहीतरी वाटेल म्हणून क्षणभर दरवाजावर हात ठेवला. पत्रा गार होता.

वर येऊन त्याने टेपने चाकाच्या खुर्चीच्या बैठकीची उंची मोजली: एकवीस इंच. नव्या गाडीची सीट जमिनीपासून बावीस इंचांवर आहे. ती उद्या, गुरुवारी, सकाळी नऊला दारात येईल. बायकोची उपचारांची वेळ दहा वाजून वीस मिनिटांची आहे.