दोन सिंहांचं जमवताना

मागच्या महिन्यात तुमच्या आईने फोनवर विचारलं, "आई, तू त्या झूमध्ये जाऊन नक्की करतेस काय?" मी म्हटलं, "काही नाही गं, बघत बसते." ते खरं होतं, पण अर्धंच. आता सगळं पार पडलं आहे, म्हणून तुम्हा दोघांना पहिल्यापासून लिहिते. माझं अक्षर लागत नसेल तर आईकडून वाचून घ्या. मधेच थांबवून प्रश्न विचारलेत तरी चालेल, फक्त उत्तर तिने मनाने देऊ नये, मला फोन करावा.

तुम्ही फ्रीमाँटला गेल्यावर आमचं इथलं, टेक्ससमधल्या शुगर लँडचं घर फार शांत झालं. आजोबांना शांतता आवडते, मला हाताला काम लागतं. तासाभराच्या ड्राइव्हवर एक लहानसं प्राणिसंग्रहालय आहे, तिथे व्हॉलंटियर हवे होते. अर्जात 'पूर्वीचं काम' असा रकाना होता. मी लिहिलं, नागपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि बावीस वर्षं शाळेचं टाइमटेबल केलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी टाइमटेबलची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "तुम्हाला आम्ही सिंहांकडे बसवतो."

काम असं होतं. गळ्यात एक घड्याळ असतं, ते दर मिनिटाला वाजतं. वाजलं की त्या क्षणी कोणता सिंह कुठे आहे आणि काय करतो आहे ते छापील कागदावर भरायचं. झोपला, बसला, चालला, हुंगतोय. दोघांमधलं अंतर फुटांत नाही, सिंहांत लिहायचं, म्हणजे मधे किती सिंह आडवे मावतील. दोघं जवळ आले तर आधी कोण गेलं तेही लिहायचं. दिसत नसेल तर 'दिसत नाही' लिहायचं आणि आपल्या मनाने काहीही भरायचं नाही. मला हे काम फार आवडलं.

सिंह दोन होते. त्यांना झूने दिलेली नावं होती, पण मी मनातल्या मनात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचे. थोरला बारा वर्षांचा. तो जन्मापासून आपल्या भावाबरोबर राहिलेला, आणि तो भाऊ हिवाळ्यात आजाराने गेला. त्यानंतर थोरला भावाच्या खोलीच्या दाराशी तोंड करून पडून राहायचा. धाकटा चार वर्षांचा, दुसऱ्या राज्यातून आणलेला, अंगाने भरलेला आणि आयाळ अजून पुरती न आलेली. दोघांचं लांबचंसुद्धा नातं नव्हतं. दोघांचं जमलं तर ते कायम एकत्र राहणार होते. नाही जमलं तर धाकट्याला परत पाठवायचं, आणि थोरल्याने उरलेलं आयुष्य एकट्याने काढायचं. त्याच्या वयात हा प्रयोग पुन्हा करणं झूला धोक्याचं वाटत होतं.

सिंहांची कीपर तिशीतली मुलगी, मूळची टेक्ससचीच. मला 'मॅम' म्हणायची आणि आजोबांना 'सर', त्यामुळे आजोबा तिच्यावर खूश.

"यांचं रक्ताचं नातं नाही," मी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं. "मग हे एकमेकांना कशाला सांभाळून घेतील?"

"एकट्याने निभत नाही म्हणून, मॅम," ती म्हणाली आणि जेवणाचा डबा उघडून माझ्याशेजारी बसली.

तिने सांगितलं ते असं. नर सिंह दोन-तीन वर्षांचा झाला की त्याला कळपाबाहेर पडावं लागतं. बरोबर भाऊ किंवा चुलतभाऊ असले तर बरंच. नसले तर भटकता भटकता भेटलेल्या एखाद्या अनोळखी नराशी तो जोडी जमवतो. एकट्या नराला कळप मिळवणं कठीण, आणि मिळाला तरी राखणं त्याहून कठीण. दोघं असले की बाहेरून चालून येणाऱ्यांना तोंड देता येतं. पण म्हणून आपसात चढाओढ नसते असं नाही. शिकारीवर आधी कोण, सिंहिणीजवळ आधी कोण, यावरून ते एकमेकांना जोखत असतात. बहुतेक वेळा सिंहिणीजवळ जो आधी पोचला त्याला दुसरा आडवा जात नाही. आपसातच जबर जखमी झाले तर उद्या परक्यांसमोर उभं कोण राहणार? आणि अशा बिननात्याच्या टोळ्या दोघांच्या, फार तर तिघांच्याच असतात. पाच-सहा नर एकत्र दिसले तर ते सहसा भाऊबंद निघतात. एवढ्या मोठ्या टोळीत काहींच्या वाट्याला पिल्लं येतच नाहीत. भावाला झालेली पिल्लं निदान घरातली तरी म्हणता येतात, परक्याच्या पिल्लांसाठी कोण रक्त सांडेल?

घरी येऊन मी हे सगळं आजोबांना सांगितलं.

"म्हणजे युती," ते म्हणाले.

"हो, इंग्रजीतही कोअॅलिशनच म्हणतात."

"मग जागावाटपावर अडणार. बघ तू."

"अहो, सिंह आहेत ते!"

"म्हणूनच म्हणतो, लवकर सुटेल. आपल्याकडे महिने लागतात."

पहिले तीन आठवडे दोघांच्या मधे जाळी होती. मग रोज सकाळी ऊन चढायच्या आत तासभर दोघांना मागच्या आवारात एकत्र सोडायला लागले. दोन्ही दारांशी माणसं पाण्याचे जोरदार पाइप घेऊन उभी असायची. आवाराच्या मधोमध एक मोठा सिमेंटचा खडक आहे. त्याच्या मागचा कोपरा दारांवरून दिसत नाही आणि तिथे कॅमेराही पोचत नाही. त्या कोपऱ्यासमोर जाड काचेची खिडकी असलेली एक लाकडी खोली आहे. मला तिथे बसवलं होतं ते त्यासाठीच.

चौथ्या दिवशी धाकटा त्या खडकामागच्या सावलीत जाऊन पसरला. तिथली सावली म्हणजे पलंगाएवढी, आणि इतकी वर्षं ती थोरल्याची आणि त्याच्या भावाची. थोरला आला, थांबला आणि गुरगुरला. धाकटा उठून उभा राहिला. पुढचं फार भराभर झालं. दोघंही मागच्या पायांवर उभे राहिले, पंजे एकमेकांच्या तोंडावर आणि खांद्यांवर बसत होते, आणि त्यांचा आवाज काचेतून माझ्या छातीत येत होता. थोरल्याचा पाय घसरला, तो कुशीवर आपटला आणि धाकट्याने त्याची मानगूट तोंडात धरली.

आता संपलं, असं मला वाटलं.

पण धाकट्याने तोंड उघडलं. मान सोडली. थोरल्याकडे पाठ केली आणि सावलीत जाऊन बसला. थोरला उठला, आयाळ झाडली आणि चालता झाला. कुठे रक्त नाही. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, कारण घड्याळ मधे एकदाच वाजलं.

लगेच रेडिओवर कीपरचा आवाज आला. "मॅम, फार मोठा आवाज झाला. तुमच्या बाजूला काय झालं?"

"मला नीट दिसलं नाही," मी म्हणाले. आणि दोघांच्याही रकान्यात 'दिसत नाही' असं लिहिलं.

मी खोटं का बोलले ते तुम्हाला सांगायला हवं. नागपूरला आमच्या शेजारी लग्नाची मुलं होती. त्यांच्यासाठी स्थळं यायची, आणि मुलीकडची माणसं चौकशीला आमच्याकडे येऊन बसायची. चहा घेता घेता विचारायची, शेजारची मंडळी कशी आहेत? काय सांगायचं ते माझ्या सासूबाईंनी मला पढवून ठेवलं होतं. मंडळी चांगली आहेत, मुलगा निर्व्यसनी आहे, एवढंच सांगायचं. रोज संध्याकाळी बापलेकांची वादावादी भिंतीतून ऐकू येते, हे सांगायचं नाही. जुळत आलेलं आपल्या तोंडून मोडायला नको. अशी कितीतरी लग्नं आमच्या चहावर झाली, आणि त्यातली बरीचशी नीट चालली. तर त्या सकाळी माझ्या मनात तेच आलं. धाकट्याने थोरल्याला आडवा करून मान धरली, हे कागदावर गेलं तर उद्या झूवाले दोघांना वेगळं करतील आणि थोरला पुन्हा त्या दाराशी जाऊन पडेल.

पुढचा आठवडा विचित्र गेला. थोरला धाकट्यापासून चार-पाच सिंह अंतर ठेवून राहायचा. भांडण नाही, जवळीकही नाही. कीपर माझे कागद घेऊन खिडकीशी बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"झूच्या मोठ्या साहेबांनी शुक्रवारसाठी पिंजरा मागवलाय," ती म्हणाली. "धाकट्याला परत पाठवायचं."

"पण का? भांडत तर नाहीत!"

"तेच तर, मॅम. त्या दिवशी आवाज झाला, पण अंगावर जखम नाही, कागदावर नोंद नाही, म्हणजे अजून एकदाही भांडले नाहीत. नुसते टाळतात. म्हणजे त्यांच्यात काहीच ठरलेलं नाही आणि खरा सामना पुढे व्हायचा आहे. धाकटा तिप्पट ताकदीचा आहे. खाली पडलेल्याला तो सोडतो की धरून ठेवतो हेच आम्हाला माहीत नाही. एकदा तरी भांडले असते तर कळलं असतं."

मी पर्स उचलली आणि पार्किंगमध्ये आले. आजोबा गाडी सुरू करून, एसी लावून बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे सिंहांच्या शेजारणीने चुगली केली नाही," ते म्हणाले.

"चेष्टा करू नका हो. आता ती काय म्हणेल?"

"बोलेल तुला. बोलू दे." त्यांनी गाडी बंद केली. "जा परत. मी आहे इथे."

मी परत गेले आणि दारातूनच सांगून टाकलं. एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवून तिने विचारायला सुरुवात केली. आधी कोण उठलं? दात नेमके कुठे? थोरला पडल्यावर किती वेळ धरलं होतं? मी एकेक सांगत गेले, खडकाचं चित्र काढून दाखवलं.

"आणि सोडलं ते आपणहून? कोणी पाणी न मारता?"

"आपणहून. पाठ करून बसला."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "शंभर टक्के?"

"शंभर टक्के."

"मॅम, हे मला आठ दिवसांपूर्वी हवं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मला तो लागला. "मी तुम्हाला त्या खिडकीत उगीच बसवलं नव्हतं. तुमच्या या दोन शब्दांवरून मी त्याला परत पाठवलं असतं."

"हो. माझी चूक झाली."

"पुन्हा नको."

"पुन्हा नाही," मी म्हणाले. तुमच्या आईपेक्षाही लहान मुलगी, पण बरोबर होती. तिने तो जुना कागद काढून दिला. मी 'दिसत नाही'वर एक सरळ रेघ मारली, बाजूला खरं ते लिहिलं, तारीख टाकली आणि सही केली. शाळेत मुलांनी खाडाखोड केली की मी त्यांच्याकडून असंच करून घ्यायचे, त्यामुळे कसं करायचं ते मला माहीत होतं.

शुक्रवारी पिंजरा आला नाही. दोघांना एकत्र सोडायचे तासाचे दोन तास झाले, दोनाचे चार. पुढच्या आठवड्यात एका सकाळी थोरला सावकाश चालत धाकट्याकडे गेला, मान खाली घातली आणि आपलं कपाळ त्याच्या हनुवटीखाली घासलं. धाकटा डोळे मिटून तसाच पडून राहिला. मी 'आधी कोण' या रकान्यात थोरला लिहिलं. कीपरने नंतर सांगितलं की बहुतेक वेळा ज्याने दुसऱ्याचं वरचढपण मान्य केलं तो आधी जातो. मला क्षणभर वाईट वाटलं, इतकी वर्षं त्या आवाराचा धनी होता तो. पण त्याला वाईट वाटलेलं काही दिसलं नाही. तो तिथेच धाकट्याच्या पाठीला पाठ लावून आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. मांस आलं की आता धाकटा आधी जातो, थोरला बाजूला उभा राहतो. पण कुंपणापलीकडे गवत कापायचं यंत्र सुरू झालं की धाकटा दचकतो आणि थोरल्याच्या मागे जाऊन उभा राहतो. थोरला त्या यंत्राकडे बघतसुद्धा नाही. हेही मी लिहून ठेवलं आहे.

गेल्या शनिवारपासून दोघांना पुढच्या मोठ्या आवारात, लोकांसमोर सोडलं. आता कागद भरायची गरज नाही, तरी मी गेले आणि लोकांच्या गर्दीत कठड्याला टेकून उभी राहिले. दोघं एकाच झाडाखाली होते. माझ्याशेजारी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आइस्क्रीम खात होते.

"भाऊ असणार," ते मला म्हणाले.

"नाही," मी म्हटलं, "भाऊ नाहीत. काहीच नातं नाही." आणि मग मी त्यांना सांगायला लागले, थोरल्याचा भाऊ गेला तिथपासून. मधे जाळी होती ते सांगितलं, सावली कोणाची होती ते सांगितलं. त्यांचं आइस्क्रीम हातावर वितळत होतं, पण ते हलले नाहीत.

"अगं, झालं का सांगून?" आजोबा बाकावरून म्हणाले. "ऊन बघ किती वाढलंय."

"थांबा हो," मी म्हटलं. "अजून भांडणाचं राहिलंय."