शेवंतीमावशींचं पथ्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढेही नाही — त्याला सगळं ठाऊकच असतं, असं म्हणून तिथेही मी स्वतःची सोय करून घेतली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर असतात तर जमलं नसतं.

मी रत्नागिरीत दातांची डॉक्टर आहे. माहेर देवरूखकडचं, आमच्या वाडीतली पहिली डॉक्टर मीच. ‘बाईंचा हात हलका आहे’ असं लोक म्हणतात, आणि ते ऐकायला मला फार आवडतं. फारच. खरं तर सगळं त्या आवडण्यातच आलं — पण थांबा, असं एकदम सांगता येणार नाही.

मिरकरवाड्याच्या शेवंतीमावशी माझ्याकडे पहिल्यापासून येतात. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि बाजारात विकायला बसायचं, हे त्यांचं काम. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, स्वप्नाली. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दिसायला गोड, पण वरचे दात पुढे आलेले. गिऱ्हाइकाशी बोलतानाही हिचा हात तोंडावर. मावशी तिला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “डाक्टरबाई, हिचा हात ह्या तोंडावरनं काडा एकदा.”

तारा लावायला माझ्याकडे महिन्यातून एकदा कोल्हापूरहून एक डॉक्टर येतात. त्यांनी मोठा एक्स-रे बघितला. तारा लावण्याआधी खालची उजवी अक्कलदाढ काढावी लागेल, ती आडवी आहे, म्हणाले. आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं — मुळं नसेला चिकटून आहेत, ही तुम्ही काढू नका, कोल्हापूरला सर्जनकडे पाठवा.

मलाही ते दिसत होतं. आंधळी थोडीच होते मी? खालच्या ओठाची जाणीव ज्या नसेतून येते ती नस दाढेच्या मुळाखालून जात होती, स्पष्ट. मग का नाही पाठवलं? कोल्हापूरचं नुसतं नाव काढल्यावर मावशी म्हणाल्या होत्या, “कोलापूर नको, तुमचाच हात होवा.” हे कारण मी बरीच वर्षं जपून ठेवलं. पण ते खरं नाही. खरं एवढंच, की आपल्याला जमणार नाही असं आपल्याच पेशंटसमोर म्हणायची मला लाज वाटली. त्या बाईला काय कळत होतं एक्स-रेतलं? कळत मला होतं.

दाढ निघाली. निघताना, भूल दिलेली असूनही, स्वप्नाली खुर्चीत एकदम दचकली. माझ्या हातालाही कळलं. मी म्हटलं, “झालं, झालं.”

टाके काढायला आली तेव्हा ओठ अजून झोपलेलाच होता. अर्धी हनुवटी बधिर. मी सुईचं टोक लावून बघितलं — तिने पापणीसुद्धा हलवली नाही. आणि आता ऐका, कारण हेच सांगायला मी एवढी फिरत आले. मी काही बोलायच्या आत दाराशी उभ्या असलेल्या मावशी रडायला लागल्या. “माजंच चुकलं वो. पोर नुसती पेज पिऊन ऱ्हायलीवती, मला बघवंना. मीच तिला बांगड्याचं कालवण घातलं. ओल्या जखमेवर. त्यानंच झालं ना?”

आपल्याकडे जखम ओली असली की मासे बंद, हे पथ्य घरोघर पाळतात. बांगड्याने नस मरत नाही. उलट मऊ भात आणि काटे काढलेला मासा, दाढ काढल्यावर याहून चांगलं खाणं कुठलं? हे मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं — मावशी, तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. तोंडाशी आलंही असेल, आता आठवत नाही. आठवतं ते हे, की मी चष्मा काढला, पुसला, आणि म्हटलं, “तरीच!”

एवढंच. तरीच. किती छोटा शब्द आहे बघा.

वर आणखी म्हटलं, हळूहळू येईल जाणीव, वाट बघा. वाट बघायची नव्हती! नस दुखावली असेल तर पहिल्या काही महिन्यांतच सर्जनला दाखवायचं असतं, कधीकधी काहीतरी करता येतं. पण तो सर्जन एक्स-रे बघणार, आणि विचारणार, ही काढली कुणी? म्हणून मी त्यांना वाट बघायला लावली. वेळ निघून जाईपर्यंत. तारांच्या डॉक्टरांनी विचारलं, दाढ काढली का? मी म्हटलं, हो, व्यवस्थित. आणि स्वप्नालीला बजावलं होतं की बधिरपणाचं त्यांच्याकडे काढू नकोस, त्यांचा तो विषय नाही. ती शहाणी मुलगी. नाही काढलं.

तारा लागल्या, निघाल्या. दात असे सरळ आले की मी त्यांचा फोटो क्लिनिकमध्ये लावला. आणि हात? हात पुन्हा तोंडावरच आहे. आता दातांसाठी नाही. ओठावर भाताचं शीत राहिलं, चहा ओघळला, तर तिला कळत नाही. पाहुणे बघायला आले होते तेव्हा चहा हनुवटीवरून गळ्यापर्यंत आला आणि ही आपली छान हसत बसलेली. मावशींनी सगळ्यांच्या देखत पदराने पुसला. पाहुण्यांचा निरोप आलाच नाही. हे मला मावशींनीच येऊन सांगितलं, आणि वर म्हणाल्या, “माज्या हातानं पोरीचं वाटोळं केलं मी.” मी त्यांना पाणी दिलं.

त्या दिवसापासून त्यांनी मासे सोडले. मासळी विकणारी बाई! बाजारातल्या बायका विचारतात, माळ घातलीस काय गो? त्या काही सांगत नाहीत. मात्र मिरकरवाड्यात कुणाची दाढ काढायची असली की घरी जाऊन बजावतात, डाक्टरबाईंचं पथ्य पाळा, माज्यासारखं करू नका. आता माझी सोय बघा — खोटं उघडं पडू नये म्हणून मीही प्रत्येक पेशंटला सांगते, मासे बंद. सगळ्या बंदराला मी डाळभातावर बसवते, आणि लोक म्हणतात, बाई किती काटेकोर.

मावशी अधूनमधून क्लिनिकच्या दाराशी येतात, पिशवीत काहीतरी असतं. परवा आल्या. खूप वाळल्यात. मोठ्या दवाखान्यात रक्त कमी सांगितलंय, मासे खा म्हणाले. मी म्हटलं, “मग खा ना मावशी. आता काय त्याचं?”

“नाय. तिचा ओठ जागा होऊंदे. मग खाईन.” मग मलाच विचारलं, “होईल ना वो?”

तो जागा होणार नाही. हे या गावात फक्त मला माहीत आहे.

मी म्हटलं, “होईल.” त्यांनी पिशवी पुढे केली. ताजी सुरमई होती. मी ती घरी आणली, तळली, आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ली.