पाठमोरी माय

तुळसाबाईचा संघपाल पुण्यात नेमकं काय करतो, हे सिहोऱ्यात कोणाला धड सांगता येत नसे. खुद्द तुळसाबाईलाही नाही. "कम्प्युटरवर असते," एवढं सांगून ती मोकळी व्हायची. श्रावणात तो डेंग्यूनं गेला. ऐन उमेदीचं वय, लग्न नाही की काही नाही. जलदान विधी झाला, पाहुणे आले, रडले, जेवले, गेले. तुळसाबाई मात्र कोरडीच राहिली. उठायची, अंगण झाडायची, भात शिजवायची. खाल्लेला भात खारट की अळणी, तेवढंही तिला कळत नव्हतं. लोकांचं काय, ते बोलायला टपलेलेच असतात. "बाई दगडाची हाये," म्हणाले. तिनंही मनात म्हटलं, असेन बापा.

एकच गोष्ट तेवढी आत कुठंतरी टोचत होती. नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं दहा वर्षांच्या पोराला आपल्या भावाकडं, जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरात शिकायला धाडलं होतं. पोरगं आपल्यासारखं जन्मभर चिखलात राहू नये, एवढाच हेतू. पुढं तो शिकला, पुण्याला गेला, दिवाळीनंतर गावच्या मंडईला, जत्रेला, दोन दिवस येऊन जायचा. मायनं आपल्याला टाकून दिलं, असं त्याच्या मनात राहिलं का? जिवंतपणी विचारायची तिची हिंमत झाली नाही. आणि आता विचारायचं म्हटलं तरी कोणाला?

दिवाळी आटोपली, गावच्या मंडईचा दिवस आला. घरोघरी पाहुणे आणि रस्त्यात जिलेबीची दुकानं. भावाची पोरगी रुचिता दुपारी आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आत्या, हे पाय. आमच्या क्वार्टरच्या पत्त्यावर आलं. दादाचं पुस्तक हाये."

"कोणतं पुस्तक? शिकाचं?"

"नाही वं. त्यानं बनवलेलं! ग्राफिक नॉव्हेल म्हणतेत याले. सारी गोष्ट चित्रांतच, लहान पोराईसाठी. छापून आलं आताच. बाबाले ठाऊक नाही, मले ठाऊक नाही. कसा पोट्टा होता, कोणाले एका शब्दानं सांगितलं नाही!"

बोलता बोलता रुचिताचे डोळे भरले. तुळसाबाईनं पदराला हात पुसून पुस्तक घेतलं. वर संघपालचं नाव होतं, तेवढं तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं. आनंद व्हायला पाहिजे होता, नाही तर दुःख तरी. दोन्ही झालं नाही. पत्ता मामाच्या घरचा दिला, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं.

तेवढ्यात शेजारची ताराबाई पाहुण्यांच्या भातासाठी गंज, मोठं पातेलं, मागायला आली, आणि अर्थातच बसली. रुचिता पानं उलटत गोष्ट सांगू लागली. बाल्या नावाचा पोरगा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, खाचराच्या कडेच्या बांधावर एकटा बसला आहे. एका खेकड्याशी त्याची दोस्ती होते, दोघं मिळून तळ्यातल्या राक्षसाला पळवून लावतात, बेडकांची वरात काढतात. मधून मधून बाल्या विचारतो, "माय आली का?" खेकडा म्हणतो, "अजून नाही." आणि दर वेळी एक चित्र येतं, बांधीत वाकलेल्या बाईचं. हिरवं लुगडं, चिखलानं भरलेल्या टाचा. तोंड कुठंच नाही.

"अवं, माय तं तोंड फिरवूनच हाये," ताराबाई पटकन बोलून गेली. "पोराच्या मनात राहिलंच म्हणा की."

रुचितानं तिच्याकडं असं पाहिलं की ताराबाई गंज घेऊन निघाली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

"आत्या, तू मनावर नको घेऊ. चित्रकार लोक काढतेत असं."

"घेतलं नाही," तुळसाबाई म्हणाली. ते खोटं नव्हतं. मनावर घ्यायला मन जाग्यावर पाहिजे. पोरानं आपल्याला तोंडच दिलं नाही, तर नाही दिलं. एवढ्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते मिळूनही तिला काहीच वाटलं नाही, याची तेवढी तिला भीती वाटली.

रुचितानं शेवटचं पान काढलं. अख्खं पान हिरव्या लुगड्यानं भरलेलं. ना पोरगा, ना खेकडा, ना एक अक्षर.

"हे तं मलेही समजलं नाही," ती म्हणाली.

तुळसाबाई त्या पानाकडं पाहत राहिली. मग तिनं पुस्तक हिसकावल्यासारखं ओढलं आणि पहिल्या चित्रापासून बोट ठेवत निघाली. पहिल्या चित्रात बाई दूर, बोटाएवढी. पुढच्या चित्रात वीतभर. त्याच्या पुढं आणखी मोठी.

"रुचिता, तू रोवणा केला का वं कधी?"

"नाही आत्या. क्वार्टरात कुठचा रोवणा, कुठची लावणी?"

"रोवणा माघारी सरकत करतेत. धानाचे पऱ्हे चिखलात समोर लावाचे आन् पाय मागं घ्याचे. मी पल्याडून सुरू करो, आन् ह्याले अल्याडच्या धुऱ्यावर बसवून ठेवो. त्याले पाठच दिसे माही." तिचं बोट चित्रांवरून भराभर सरकू लागलं. "पण मी दूर नव्हती ना जात, पोरी. मी त्याच्याचकडं येऊन राहिली होती. दिवसभर. त्याले ठाऊक होतं. पाय, त्याले सारं ठाऊक होतं!"

रुचितानं पुन्हा शेवटचं पान पाहिलं. "मंग हे?"

"हे म्हणजे मी पोचली. बांधी झाली." तुळसाबाईनं त्या हिरव्या पानावर पंजा पसरून ठेवला. "आता कंबर सरळ कराची आन् मागं वळाचं. वळली का हा खिदळत अंगावर उडी टाके."

बाहेर मंडईचा भोंगा वाजत होता. तुळसाबाईचा हात पानावरच होता.

"आता मी वळू तं कोणाकडं वळू, रुचिता?"