टाके उसवायचं कारण

दाभणबाईंच्या घरी जाताना हातातली पिशवी तोंड बांधूनच न्यावी. बाई बोलता बोलता आत डोकावतात आणि "एवढे बटाटे? पाहुणे यायचेत वाटतं," म्हणून मोकळ्या होतात. नवरा म्हणतो, "हिला देवाने डोळे जरा लांब दांड्याचे दिलेत." बाईंना राग येत नाही. समोरच्या इमारतीत कुणाचा पलंग चौथ्या मजल्यावर चढतोय आणि तो जिन्याच्या वळणावर बसेल का, हे शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही.

हे नाव त्यांना पडलं ते कामावरून. सरकारच्या विधी कार्यालयात, जिन्याखालच्या खोलीत, अठ्ठावीस वर्षं त्या कोर्टात जाणारे कागद शिवतात. हो, शिवतात. फार पूर्वी टाचण्या मारलेल्या एका संचातून कुणीतरी एक पान हळूच काढून घेतलं आणि भर कोर्टात सरकारची शोभा झाली. तेव्हापासून नियमच झाला: प्रत्येक संच दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायचा. एका प्रकरणाचे आठ संच. सुनावणी पुढे ढकलली की कागद वाढतात, पहिल्या पानावरची यादी बदलते, म्हणजे आठही संच उसवा आणि पुन्हा शिवा.

आणि दोरा काही फुकट येत नाही. वरच्या मजल्यावर वकिलांची भली दांडगी बिलं सह्या होऊन पुढे जातात, पण भांडारातला कारकून दोऱ्याचं रीळ सुखासुखी सोडत नाही. त्याला कारणचिठ्ठी लागते: कुठला संच उसवला, कधी उसवला, का उसवला. चिठ्ठी नाही तर दोरा नाही. बाई त्याला तोंडावर कंजूष म्हणतात. तो म्हणतो, "बाई, जनतेचा दोरा आहे."

आता बाईंच्या धाकट्या बहिणीबद्दल. रेल्वे स्टेशनच्या भिंतीला टेकून तिची किल्ल्या बनवायची टपरी. पाच वर्षांपूर्वी सरकारने पदपथांचा कायदा केला: सरकारी इमारतीपासून दोनशे पावलांच्या आत एकही टपरी नको. धाकटीसह अकरा टपरीवाले या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. म्हणजे गंमत बघा, धाकटी कायदा पाडायला निघालेली आणि थोरली त्याच कायद्याच्या बचावाचे कागद शिवतेय! पहिली दोन-तीन वर्षं दोघी यावर पोट धरून हसल्या. मग एका रविवारी, शिवून शिवून बोटं सोललेली असताना, बाईंच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या एका टपरीपायी लोकांचा किती पैसा पाण्यात चाललाय, कल्पना आहे का तुला?"

धाकटीने कप खाली ठेवला. "ताई, मोजलायस का तू?"

"मोजायला कशाला हवं? दिसतंय की."

त्या रविवारपासून धाकटी यायची बंद झाली. दोन वर्षं.

यंदा निकाल लागला. दोनशे पावलांचं कलम कोर्टाने रद्द केलं, बाकी कायदा राहिला. लगेच सभागृहात एका सदस्याने प्रश्न टाकला: या कायद्याच्या बचावावर सरकारचा एकूण खर्च किती? विधी कार्यालयात पळापळ झाली. फी एका विभागाच्या खात्यात, वकिलांचा प्रवास दुसऱ्या, निवास तिसऱ्या, झेरॉक्स चौथ्या. एकूण आकडा असा कुणी कधी काढलाच नव्हता, कारण कधी कुणी विचारलाच नव्हता. साहेब जिना उतरून स्वतः खाली आले.

"बाई, तुम्ही फक्त संच किती शिवले ते द्या. गुरुवारपर्यंत. उत्तरात एक वाक्य जाणार आहे, अकरा टपरीवाल्यांच्या हट्टापायी इतके हजार कागद."

साहेबांना धाकटीशी असलेलं नातं ठाऊक नव्हतं. बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या. पण 'हट्टापायी' हा शब्द त्यांच्या कानात कुसळासारखा अडकला. वाक्य तर त्यांचंच होतं, दोन वर्षांपूर्वीचं, स्वतःच्या स्वयंपाकघरातलं. आता ते वर्तमानपत्रात छापून येणार आणि टपरीच्या फळीवर कुणीतरी आणून आपटणार.

आणि 'मोजलायस का तू?' हा प्रश्न अजून तसाच पडून होता. उघड्या पिशवीतले बटाटे मोजणाऱ्या बाईने हे मोजलं नव्हतं! त्या तडक भांडारात गेल्या. कारकुनाने कपाटातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून दिला, वर "उद्या सकाळी परत, सगळ्याच्या सगळ्या," अशी तंबीही दिली.

शिवायच्या टेबलावर बाईंनी तीन ढीग मांडले: टपरीवाल्यांमुळे, कोर्टामुळे, सरकारमुळे. टपरीवाल्यांच्या ढिगासाठी त्यांनी मुद्दाम मोठी जागा सोडली होती. चिठ्ठ्या पडू लागल्या. 'सरकारी वकील बदलले.' 'शपथपत्र तयार नाही.' 'शपथपत्र तयार, सही नाही.' 'सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात.' 'शपथपत्रात चुकीचा कायदा जोडला.' 'सरकारी वकील पुन्हा बदलले.' सरकारचा ढीग घसरून कात्रीवर पडला तेव्हा बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकूण त्रेचाळीस वेळा संच उसवले. कोर्टामुळे पाच. टपरीवाल्यांमुळे नऊ. सरकारमुळे एकोणतीस.

आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरात! रीळ मिळावं म्हणून लिहिल्या, दिल्या आणि विसरल्या. भांडारातला चिकट माणूस सोडला तर अख्ख्या सरकारात या कारणांची नोंद कुणीही ठेवलेली नव्हती.

गुरुवारी त्यांनी तक्ता साहेबांपुढे ठेवला. आकडा होता, आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात पाच, नऊ, एकोणतीस. पाठीमागे सगळ्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडलेल्या.

साहेबांची भुवई वर गेली. "एकोणतीस? खरंच?" पुढची पाच मिनिटं ते चिठ्ठ्याच वाचत होते, मधेच एकदा फिस्सकन हसलेही. मग त्यांना खुर्ची आठवली. "बाई, हे कुणी मागितलं होतं?"

"कुणी नाही. रकाना रिकामा होता."

"रिकामा असू द्यायचा असतो. हे मागचं काढा, पहिलं पान तेवढं राहू दे."

"काढते की." बाईंनी तक्ता उलटून दाखवला. चिठ्ठ्या तक्त्याला शिवलेल्या होत्या, पाच भोकं, दुहेरी दोरा, नियमाप्रमाणे. "तेवढी कारणचिठ्ठी द्या, साहेब. का उसवायचं ते तुमच्या अक्षरात. त्याशिवाय भांडारातून दोरा मिळत नाही."

साहेबांनी कोरी चिठ्ठी ओढली, पेन उघडलं. तारीख लिहिली. 'कारण' या शब्दापुढे पेन थांबलं ते थांबलंच. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या, पण लक्ष सगळं पेनाच्या टोकावर. माणूस काय लिहील, याची त्यांना मनापासून उत्सुकता होती.

साहेबांनी टोपण लावलं. "जाऊ दे. तसंच पाठवा." आणि बाई दारापर्यंत पोहोचल्यावर म्हणाले, "आपण दर वेळी चिठ्ठी लिहितो, हे मला माहीतच नव्हतं हो."

सभागृहात उत्तर आलं: एकूण खर्चाची माहिती संकलित करण्याचे काम चालू आहे. हट्टाचं वाक्य त्यात नव्हतं.

रविवारी बाई टपरीवर गेल्या. धाकटी कानशीने किल्ली घासत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा घासू लागली.

"मोजलं," बाई म्हणाल्या.

कानस थांबली. "किती?"

"तुमच्यामुळे नऊ. सरकारमुळे एकोणतीस. मी उगाच बोलले तुला."

धाकटीने किल्लीवरचा कीस फुंकला. मग म्हणाली, "नऊ कसे? त्यातल्या दोन तारखांना आमचा वकील तापाने फणफणला होता."

"चिठ्ठीवर 'अर्जदारांचे वकील गैरहजर' एवढंच आहे."

"लिहिलं कुणी?"

"मीच."

"मग खोड ना."

"शिवलंय आता."

धाकटी हसली, मग तिला काहीतरी सुचलं. "ताई, कायदा लिहितानाच दोनशे पावलांचं नीट पाहिलं असतं, तर त्रेचाळीसातले किती वाचले असते?"

बाईंनी पायाने स्टूल पुढे ओढलं, त्यावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "कागद आहे का गं तुझ्याकडे?"