सेल म्हणजे सेल

आमच्या थोरल्या जाऊबाई कारखान्यात क्रेन चालवतात. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला रिमोट, त्यावर दोन अंगठे, आणि तीन टनांचा लोखंडी साचा शेडभर मांजराच्या पावलांनी फिरतो. अठरा वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. राग धरतात तोही असाच, जराही न डुलवता.

रिमोटच्या चार्जिंगचे नियम त्यांनीच घातलेले. आत चार्जवालेच सेल हवेत, चारही एकाच वयाचे. साधे, वापरून फेकायचे सेल असतील तर चार्जरची पिन लावायचीच नाही. रिमोट तापलेला असेल तर आधी निवू द्यायचा, आणि चार्जिंग चालू असेपर्यंत कुणीतरी जवळ थांबायचं. शिवाय सेल बदलणाऱ्याने कागदी पट्टीवर तारीख नि सही करून ती सेलला चिकटवायची.

सुपरवायझरला या सगळ्याचं हसू यायचं. पाठीमागे सगळे त्याला 'फुशारराव' म्हणतात.

"बाई, सेल म्हणजे सेल! बाळंतिणीसारखे काय जपता?"

एकदा जाऊबाई रजेवर होत्या. फुशाररावाने टॉर्चचे साधे सेल रिमोटमध्ये घातले, पट्टीवर तारीख घालून झोकदार सही ठोकली, ती सेलला चिकटवली, पिन लावली आणि चहाला गेला. येऊन बघतो तर सेल फुटलेले आणि आतलं सर्किट त्या रसाने खाल्लेलं. क्रेन चार दिवस ठप्प.

"बाईंनीच चुकीचे सेल घालून ठेवले होते," त्याने वर सांगून टाकलं. जाऊबाईंची रवानगी स्टोअरमध्ये झाली, नटबोल्ट निवडायला.

जाण्याआधी त्यांनी हातमोजे घालून भंगाराच्या पेटीतून ते सेल शोधून काढले आणि कॉफीच्या रिकाम्या बरणीत घालून घरी आणले. पट्टी शाबूत होती.

"अहो, उद्याच आपटा की साहेबांच्या टेबलावर!" मी म्हटलं.

"आत्ता नेली तर 'चुकून झालं' म्हणेल नि सुटेल. आधी त्याला नीट खोटं बोलू दे. लेखी बोलू दे."

सात महिने बरणी कपाटावर होती. पुसून पुसून मी कंटाळले, त्या नाही.

मग सुरक्षा तपासणी आली. जुन्या अपघातांचे जबाब मागवले, तेव्हा फुशाररावाने लिहून दिलं, 'मी रिमोटला कधी हातही लावलेला नाही.' खाली तीच झोकदार सही.

जाऊबाईंनी साहेबांच्या टेबलावर त्या कागदाशेजारी बरणी ठेवली. "साहेब, सही जुळते का बघा. आणि पट्टीवरच्या तारखेला मी रजेवर होते, हजेरीपुस्तकात आहे."

"अहो बाई, जुनं कशाला उकरताय?" फुशाररावाचा आवाज चिरकला.

"जुनं कुठे? डिंकसुद्धा सुटला नाही अजून."

साहेब त्याला काढूनच टाकणार होते. जाऊबाईंनीच अडवलं. एका दिवसात संपणारी शिक्षा त्यांना नको होती. "माझा रिमोट मला द्या. आणि रोज सुटताना चार्जिंगला हे लावतील. माझ्यासमोर, नियम मोठ्याने म्हणत."

आता रोज सुट्टी झाल्यावरही सगळी शेड थांबून ऐकते. परवा त्याने तापलेल्या रिमोटचा नियम गाळला.

"पुन्हा, पहिल्यापासून," जाऊबाई म्हणाल्या, आणि खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. त्यांची बस तेवढ्यात गेली. जाऊ दे म्हणाल्या.