खिडकीतला अमेरिकेचा साहेब

हैदराबादच्या काचीगुड्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी जितक्यांना अमेरिकेचा व्हिसा नाकारलाय, तितक्यांना खुद्द अमेरिकेनंही नाकारला नसेल. कायद्याचे निवृत्त प्राध्यापक. गल्लीतली पोरं मुलाखतीच्या तालमीला त्यांच्या खिडकीच्या गजांबाहेर उभी राहतात, आणि काका आत व्हिसाचे साहेब बनून, वर टाय, खाली लुंगी अशा थाटात बसतात.

"अमेरिकेनं आधी चिन्यांना दार लावलं, मग अख्ख्या आशियाला. साठच्या दशकात कुठं ते उघडलं. आज उघडं दिसलं म्हणून घुसतोस क्या, हौले, येड्या? नामंजूर."

ही बोलणी खाल्लेल्या पोरांना वकिलातीतला खरा साहेब म्हणजे प्रेमळ मामाच वाटतो.

परवा गजांबाहेर काकू येऊन उभ्या राहिल्या. त्यांना लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं. सगळी गल्ली कान टवकारून.

"परत याल कशावरून?" काकांचा आवाज जरा जास्तच सरकारी झाला.

"घरी नवरा आहे."

"पुरावा अपुरा. नामंजूर."

दुसऱ्या दिवशीही नामंजूर. बाकी पोरांना काका निदान इतिहास तरी सांगत; काकूंकडे बघतसुद्धा नव्हते.

तिसऱ्या दिवशी काकू पदराला हात पुसत आल्या. "साहेब, त्या माणसाला गॅस पेटवता येत नाही. मी आले नाही तर तो याच खिडकीत वाळून पापड होईल. येणार नाही तर काय करेन?"

काकांनी टाय सैल केला, घसा खाकरला.

"मंजूर. पण मॅडम, जाण्याआधी तो गॅस तेवढा शिकवून जा."